सल्काटाच्या पिल्लासाठी घरातली पेटी : नाशिकच्या हवेत ती कशी बांधावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदिरानगरच्या एका फ्लॅटमध्ये पाच-सहा सेंटिमीटरचे सल्काटा कासवाचे पिल्लू आहे. वरून उघडा प्लास्टिकचा टब, खाली वर्तमानपत्र, वर चोवीस तास पेटता १०० वॉटचा बल्ब आणि कोपऱ्यात पाण्याची खोल वाटी अशी त्याची सोय आहे. महिन्याभरात पिल्लू मंदावले. डोळे मिटून कोपऱ्यात बसते, पाला हुंगून सोडून देते, आणि पाठीवरचा एकेक खवला मधोमध उचलल्यासारखा दिसू लागला आहे. त्याचे घर नीट कसे करावे?

हे पिल्लू वाळते आहे. टबात ऊब आहे, ओल नाही. बल्ब हवा तापवतो, तापलेली हवा उघड्या टबातून वर निघून जाते आणि तिच्या जागी खोलीतली कोरडी हवा येते. हे चोवीस तास चालले की पिल्लाच्या अंगातले पाणी श्वासावाटे, डोळ्यांवाटे आणि कवचावाटे उडत राहते. वाटीत पाणी असून उपयोग होत नाही, कारण एवढे पिल्लू खोल वाटीपाशी फारसे जातच नाही. म्हणून पेटीचा आकार, झाकण, जमीन, हीटर यांतली प्रत्येक गोष्ट ठरवताना एकच कसोटी लावा: पिल्लाच्या पाठीच्या उंचीवरची हवा एकाच वेळी उबदार आणि दमट राहते आहे का?

सल्काटा हे सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचे, सेनेगल-मालीपासून सुदान-इथिओपियापर्यंतचे कासव. वाळवंटातले आहे म्हणून त्याला कोरडे ठेवायचे, ही समजूत सगळ्यात महागात पडते. तिथे पिल्ले अंड्यातून बाहेर येतात ती पावसाळ्याच्या सुमारास, आणि पुढचे कोरडे महिने मोठी काय, लहान काय, सगळी बिळांत काढतात. बिळातली माती ओलसर आणि हवा दमट असते. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सल्काटाचीच पिल्ले वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रथिनांच्या आहारावर वाढवली होती. पाठीवर उंचवटे येण्यात आहारातल्या प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा वाटा मोठा निघाला. एकदा आलेले उंचवटे बसत नाहीत, पण ओल मिळू लागली की खवल्यांच्या कडेला येणारी नवी वाढ सपाट येते. त्यामुळे आज सुरुवात केली तरी उशीर झालेला नाही.

मराठीत जमिनीवरच्या आणि पाण्यातल्या दोघांनाही आपण कासवच म्हणतो, त्यातून बरेच घोटाळे होतात. माशांच्या दुकानात मिळणाऱ्या लाल कानाच्या पाणकासवाची काळजी सांगणारा सल्ला या पिल्लाला लावू नका. त्याला पोहता येत नाही. तुमच्या पिल्लाच्या खवल्यांवर पिवळसर मध्य आणि तपकिरी कडा असेल तर ते सल्काटा. खवल्यांवर मधोमधून निघणारे पिवळे किरण असतील तर मात्र ते आपल्याकडचे तारांकित कासव असण्याची दाट शक्यता आहे. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि घरी ठेवण्याला किमान ३ वर्षे तुरुंगवास आहे. तसे असेल तर पेटी बांधू नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून त्यांच्या स्वाधीन करा. सल्काटा परदेशी असले तरी कागदपत्रांविना ठेवता येत नाही. २०२४ च्या नियमांप्रमाणे ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश पोर्टलवर (केंद्र सरकारचे संकेतस्थळ) नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याने तोंडी काही सांगितले असले तरी ही जबाबदारी तुमची आहे.

पेटी तयार व्हायला आठवडा जाईल, तोवर पिल्लाला त्याच टबात ठेवायचे आहे. म्हणून आज रात्रीच या गोष्टी करा. वर्तमानपत्र काढून टाका. ते गुळगुळीत असते, त्यावर पिल्लाचे पाय बाहेर फाकतात. त्याऐवजी भिजवून पिळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आठ-दहा सेंटिमीटर भरा. पिल्लाला कोमट पाण्यात अर्धा तास बसवा. पाणी तान्ह्या बाळाच्या अंघोळीपेक्षा किंचित कमी गरम, साधारण ३४ अंश, आणि हनुवटीच्या खाली राहील एवढेच. टबाचा दोन तृतीयांश भाग ॲक्रिलिकच्या तुकड्याने किंवा जाड काचेने झाका. बल्बच्या बाजूचा भाग उघडा ठेवा, म्हणजे काही वितळणार नाही. १०० चा बल्ब काढून ४० किंवा ६० चा लावा आणि रात्री तो बंद करा. टब घरातल्या सगळ्यात उबदार खोलीत हलवा. खोली रात्री २७ अंशांच्या खाली जात असेल तर शेकायची रबरी पिशवी कोमट पाण्याने भरून, टॉवेलात गुंडाळून टबाच्या बाहेरच्या भिंतीला टेकवा.

पेटी

चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. हे माप आठ बाय चारच्या एका शीटमध्ये बरोबर बसते. शीटचे चार बाय दोनचे चार तुकडे पाडायचे: एक तळ, एक छत, एक पाठ, आणि चौथ्याचे दोन चौकोन करून दोन्ही बाजू. पुढची बाजू उरते. तिथे खाली सहा इंचांची पट्टी सुताराकडच्या उरलेल्या तुकड्यातून घ्या आणि तिच्या वर दुहेरी चॅनलमध्ये सरकणारे ४ मिलिमीटरचे ॲक्रिलिक किंवा काच बसवा. सहा इंच पट्टी आवश्यकच आहे. चार इंच कोकोपीटाची जमीन भरल्यावर दोन इंच उरतात, त्यामुळे दार सरकवताना कोकोपीट चॅनलमध्ये पडत नाही आणि पिल्लाला खालच्या बाजूने बाहेरचे दिसत नाही. आरपार दिसले की कासवाला तिथे अडथळा आहे हे समजतच नाही. ते दिवसभर काचेला धडका देत, खरवडत बसते. माशांच्या टाकीत ठेवलेली पिल्ले दमून जातात ती यामुळे. टाकीच वापरायची असेल तर खालचे सहा इंच चारही बाजूंनी कागद चिकटवून झाका.

शीट कोणती? स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या करणारे वापरतात ते १२ किंवा १८ मिलिमीटरचे पीव्हीसी फोम बोर्ड किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेले बोर्ड). साधा प्लाय सतत ८० टक्के दमट हवेत वर्षभरात फुगतो, पापुद्रे सुटतात. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेले बोर्ड) तर एका पावसाळ्यातच. मरीन प्लाय चालेल, पण आतून इपॉक्सीचे दोन हात आणि वास पूर्ण जाईपर्यंत पंधरा दिवस उघडे ठेवणे आले. एवढे करण्यापेक्षा फोम बोर्ड बरा. त्याची एक मर्यादा ध्यानात ठेवा: सत्तर-पंचाहत्तर अंशांना पीव्हीसी मऊ पडते. म्हणून हीटरच्या आणि बल्बच्या वर छताला एक फुटाचा ॲल्युमिनियमचा पत्रा, छतापासून अर्धा इंच सोडून, स्क्रूने लावा.

सांधे आतून माशांच्या टाकीसाठीच्या सिलिकॉनने भरा. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते, ते नको. भरल्यावर तीन दिवस तसेच सोडा. व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेला पाहिजे. हवेसाठी कॉम्प्युटर टेबलाला वायर काढायला असते तशी फिरवून बंद होणारी प्लास्टिकची गोल झाकणे वापरा: डाव्या भिंतीला खालून दहा इंचांवर एक, उजव्या भिंतीला वरून चार इंचांवर एक. उन्हाळ्यात थोडीशी, पावसाळ्यात पूर्ण उघडता येतात. छताला मोठी जाळी ठेवू नका. जाळी ठेवली की पुन्हा उघडा टबच झाला.

पेटी जमिनीवर न ठेवता दीड-दोन फुटांच्या स्टँडवर ठेवा. डिसेंबरात फरशीलगतची हवा सगळ्यात गार असते. स्टँडचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवा, आपल्या जुन्या घरांत जाळीच्या कपाटाखाली ठेवत तसे. मुंग्या कासवाच्या पिल्लाचे डोळे आणि कातडी पोखरतात, आणि ओल्या कोकोपीटातले उरलेले अन्न त्यांना लांबून बोलावते. मुंग्यांचा खडू किंवा फवारा पेटीच्या आसपासही मारू नका. त्या खोलीत मच्छर अगरबत्ती, लिक्विडचे मशीन, धूप हेही नको. बंद पेटीत धूर कोंडतो, आणि कासवाला खोकून तो बाहेर टाकता येत नाही.

ऊब

पिल्लाला रात्रंदिवस २७ अंशांच्या खाली जाऊ द्यायचे नाही. दिवसा पेटीच्या गार बाजूला २७-२८, उबदार बाजूला ३०-३१ आणि शेकाच्या जागी पाठीच्या उंचीवर ३५. दमट पेटीत हा आकडा महत्त्वाचा अशासाठी की उबदार ओल कासवाला मानवते आणि गार ओल मारते. २२ अंशांत ओल्या जमिनीवर बसलेल्या पिल्लाला नाक गळणे, फुप्फुसाचा संसर्ग आणि पोटाकडच्या कवचाला कुजके डाग हे ठरलेले. त्यामुळे ओल वाढवण्याआधी उष्णतेची व्यवस्था पक्की हवी. हा क्रम उलटा झाला तर कोरडा टब परवडला.

रात्रीची ऊब बिनउजेडाच्या सिरॅमिक हीटरने द्या. लाल किंवा निळा रात्रदिवा नको. कासवाला रंग दिसतात आणि त्याची झोप मोडते. ६० वॉटचे दोन हीटर, एकमेकांपासून दोन फुटांवर, १०० चा एकच घेण्यापेक्षा चांगले: ऊब सारखी पसरते, आणि एखादा जळाला तर दुसरा रात्र निभावून नेतो. होल्डर सिरॅमिकचाच आणि आट्याचा (फिरवून बसवायचा) हवा. बॅकेलाइटचा होल्डर या उष्णतेने काही आठवड्यांत तडकतो. होल्डर लोखंडी एल अँगलवर आडवा लावा, छतापासून चार इंच खाली. वायर उष्णता सहन करणारी, प्लगला अर्थिंग, आणि त्या सर्किटला आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असल्याची खात्री करा. ओली माती आणि वीज एका पेटीत आहेत.

हीटर थेट चालू ठेवायचे नाहीत, थर्मोस्टॅटवर चालवायचे. अंडी उबवण्याच्या यंत्राला लावतात तो एसटीसी-१००० पुरतो. तापमान २८ आणि फरक ०.५ अंश ठेवा, म्हणजे २७.५ ला हीटर सुरू होतो. त्याच्या प्रोबची (तापमान जाणणाऱ्या वायरच्या टोकाची) जागा ही साऱ्या मांडणीतली सगळ्यात नाजूक गोष्ट आहे. पेटीच्या मध्यावर, पाठच्या भिंतीला, जमिनीपासून दोन इंच वर, भोके पाडलेल्या छोट्या पाइपात घालून केबल टायने पक्का करा. प्रोब बल्बखाली असेल तर थर्मोस्टॅट फसतो आणि बाकी पेटी गार राहते. आणि साफसफाई करताना तो पेटीबाहेर लोंबकळत राहिला तर त्याला खोलीची थंडी जाणवते, हीटर बंद होतच नाही आणि पिल्लू भाजून निघते. म्हणून दार लावण्यापूर्वी दर वेळी प्रोब जागेवर आहे ना ते डोळ्यांनी पाहा.

दिवसाच्या शेकासाठी ४० ते ६० वॉटचा, पसरट झोत देणारा बल्ब, टायमरवर बारा तास. अरुंद झोताचे हॅलोजन नको. ते पाठीचा मधला भागच भाजून कोरडा करते, आणि उंचवटे तिथेच वाढतात. बल्ब एका टोकाला, मध्ये नको, म्हणजे पिल्लाला ऊन-सावली निवडता येते. त्यालाही दुसरा थर्मोस्टॅट लावा आणि पेटीच्या मध्यावर ३३ अंश झाले की बल्ब बंद होईल असे ठेवा. एप्रिलमध्ये हा थर्मोस्टॅट जीव वाचवतो. गरम दगड किंवा खालून तापणारी गादी वापरू नका. कासवाला पोटाकडून लागणारा चटका वेळेवर कळत नाही.

मोजायला दोन डिजिटल मीटर घ्या, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारे, एकेक टोकाला, आणि दोन्ही पेटीच्या आत. स्वस्त मीटर आर्द्रतेत दहा टक्क्यांनी चुकू शकतात. तपासायची सोपी रीत आहे: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन थेंबभर पाण्याने ओले करा, ते आणि मीटर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसले पाहिजे. ७० दिसले तर पुढे नेहमी ५ मिळवून वाचा. शेकाच्या जागेचे तापमान मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर उत्तम. कोविडच्या काळात घेतलेला कपाळाचा असेल तर तो वस्तूंच्या मोडवर घ्या, अंगाच्या मोडवर तो तापाच्या आसपासचेच आकडे दाखवतो.

उजेड

हाडे आणि कवच घट्ट व्हायला डी-३ जीवनसत्त्व लागते आणि ते कातडीत तयार व्हायला २९० ते ३१५ नॅनोमीटरचे यूव्हीबी किरण लागतात. नाशिककरांना हे किरण फुकट मिळतात. आठवड्यातून तीन-चार दिवस, वीस ते तीस मिनिटे सकाळचे थेट ऊन पिल्लाला पुरते: उन्हाळ्यात ८ च्या आसपास, हिवाळ्यात १० नंतर. थेट म्हणजे मध्ये काच नको. खिडकीची काच यूव्हीबी अडवते आणि उष्णता मात्र आत सोडते. प्लास्टिकच्या पसरट घमेल्यात ओली माती घाला, अर्ध्या भागावर पुठ्ठ्याची सावली, वर जाळी, आणि तुम्ही शेजारी बसलेले. गॅलरीत कावळा, मांजर आणि घार यांना हे पिल्लू म्हणजे एक घास आहे. काचेच्या टाकीत घालून उन्हात तर कधीच ठेवू नका; पाच-दहा मिनिटांत आत भट्टी होते.

एवढी सोय असताना ट्यूब कशाला? जुलै-ऑगस्टसाठी. आठवडेच्या आठवडे आभाळ भरलेले असते, आणि पिल्लाच्या वाढीचे महिने नेमके हेच. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची दोन फुटी टी-५ यूव्हीबी ट्यूब घ्या. १०-१२ टक्के यूव्हीबीची असेल तर पाठीपासून ४० ते ४५ सेंटिमीटरवर, ५-६ टक्क्यांची असेल तर २८-३० वर लोंबती. मध्ये जाळी किंवा काच नको. वर्षाने ती उजेड देत राहते पण यूव्हीबी घटलेले असते, म्हणून लावल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहा आणि बारा महिन्यांनी बदला. इलेक्ट्रिकच्या दुकानातली टी-५ एलईडी ट्यूब दिसायला तशीच असते, तिच्यातून यूव्हीबी येत नाही. आणि पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातला यूव्ही दिवा कुणी सुचवला तर स्पष्ट नाही म्हणा. तो जंतू मारणारा यूव्हीसी आहे. पिल्लाचे डोळे त्याने जातील, तुमचेही.

जमीन

इथे नाशिकचा फायदा आहे. द्राक्षाच्या आणि पॉलीहाऊसच्या रोपवाटिकांमुळे चांगले, धुतलेले कोकोपीट सहज मिळते. पाच किलोची एक वीट घ्या आणि 'लो ईसी'ची, म्हणजे कमी क्षाराची, मागा. न धुतलेल्या पिटात मीठ असते, ते डोळ्यांना आणि कातडीला झोंबते. एका विटेला वीस ते पंचवीस लिटर पाणी लागते आणि फुगून साधारण ७० लिटर होते. तुमच्या पेटीला १२० गुणिले ६० गुणिले १० सेंटिमीटर म्हणजे ७२ लिटर लागते. एक वीट, हिशेब पूर्ण. मुठीत दाबल्यावर गोळा टिकावा आणि एखाद-दोन थेंब पडावेत, एवढी ओल. वरून शक्य असेल तर नारळाच्या सालीच्या तुकड्यांचा दोन सेंटिमीटर थर द्या, म्हणजे पोट ओल्या चिखलावर राहत नाही.

ओल टिकवायची ती फवाऱ्याने नव्हे. फवाऱ्याने वरचा थर भिजतो, मीटर तासभर ९० दाखवतो आणि पुन्हा उतरतो. चारही कोपऱ्यांत मिळून लिटर-दीड लिटर कोमट पाणी थेट तळाशी ओता. तळ ओला, माथा जेमतेम ओलसर, आणि हीटरच्या उबेने वाफ हळूहळू वर येत राहते. मीटर ७५ च्या खाली जाऊ लागला की पुन्हा ओता. वाळू, लाकडाचा भुसा, खडी नको. वाळू पोटात साठते. बागेतली माती आणावीशी वाटली तर ती कुठली आहे हे आधी पाहा. द्राक्षपट्ट्यातल्या शेताच्या मातीत मोरचुदाचा अंश असू शकतो.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पांढरी बुरशी दिसेल. ती कोकोपीटाची आहे, चमच्याने काढा आणि माती खालीवर करा. हिरवी-काळी बुरशी किंवा आंबूस वास आला तर मात्र पाणी जास्त झाले आहे.

आत सामान थोडेच. गार बाजूला मातीची कुंडी उभी अर्धी कापून पालथी, आत ओले शेवाळ किंवा जास्त ओले कोकोपीट: पिल्लू दिवसातले कितीतरी तास इथे काढेल आणि ते योग्यच आहे. पाण्यासाठी कुंडीखालची मातीची उथळ ताटली, जमिनीच्या पातळीला पुरलेली, पाणी दीड-दोन सेंटिमीटर. वाटी खोल आणि काठ गुळगुळीत असेल तर पिल्लू आत उलटे पडून बुडते. तुमची सध्याची वाटी आजच काढा. खाण्यासाठी शहाबादी किंवा कडप्प्याचा वीतभर खडबडीत तुकडा. त्यावर खाताना चोच आणि नखे आपोआप झिजतात. एखादे नेफ्रोलेपिस फर्न किंवा स्पायडर प्लांट लावा, पण नर्सरीतून आणल्यावर मुळांची माती धुऊन महिनाभर वेगळ्या कुंडीत ठेवून मगच. मनीप्लांट नको, त्याच्या पानांनी तोंड सुजते.

दुसरे पिल्लू सोबतीला आणण्याचा विचार असेल तर सोडून द्या. कासवाला सोबत लागत नाही. दोघांत एक दबतो, शेकाच्या जागेवरून हटवला जातो, खात नाही, आणि आपल्याला वाटते की दोघे एकमेकांना बिलगून बसलेत.

नाशिकचे बारा महिने

पेटी तीच, पण तिची वागणूक वर्षातून तीनदा बदलते.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आल्याच्या बातम्या येतात. शहरात तो बऱ्याचदा दहाच्या आसपास आणि फ्लॅटमधल्या खोलीत १७-१८ असतो. दोन ६० वॉटचे हीटर, मागे आणि दोन्ही बाजूंना इंचभर थर्माकोल बाहेरून लावल्यावर, पेटीला खोलीपेक्षा साधारण १० अंश वर नेतात. त्यापेक्षा गार खोली असेल तर जागा बदला. या दिवसांत खरा शत्रू कोरडेपणा. बाहेरची १२ अंशांची, ६० टक्के आर्द्रतेची हवा ३० अंशांना तापवली की तिची आर्द्रता सुमारे २० टक्के उरते. म्हणूनच हीटर लावलेली उघडी पेटी हिवाळ्यात पिल्लू सुकवते.

एप्रिल-मेमध्ये हीटरला काम नसते. दुपारी खोलीच ३५ पर्यंत जाते आणि बंद पेटी तिच्यावर दोन अंश चढते. बल्ब सकाळी ७ ते १० एवढाच, पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, घरातल्या गार खोलीत. मध्यावर ३५ दिसले की दार दोन इंच उघडा. कूलरचा झोत पेटीवर येऊ देऊ नका.

पावसाळ्यात बाहेर दमट आहे म्हणून लोक पेटीचा हीटर बंद करतात आणि तिथेच चुकतात. जुलैत नाशिकची खोली २३-२४ अंशांवर असते. तेवढ्या ओलीत तेवढी थंडी म्हणजे वर सांगितलेली गार ओल. हीटर चालूच, पाणी ओतणे कमी, भिंतींतली हवेची दोन्ही झाकणे पूर्ण उघडी.

वीज गेली तर घाबरू नका. बंद पेटी दोन-तीन तास तग धरते, फक्त दार उघडू नका आणि वर गोधडी टाका. पुढे शेकायच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून आत दोन कोपऱ्यांत ठेवा, दोन तासांनी बदला. घरात इन्व्हर्टर असेल तर एक हीटर त्यावर घ्या. ६० वॉट म्हणजे छताच्या जुन्या पंख्यापेक्षा कमीच.

पाला आणि रोजचे काम

हरळी, जास्वंदीची पाने-फुले, तुतीची पाने, काटे काढलेले निवडुंग आणि थोडा शेवगा यावर पिल्लू उत्तम वाढते. द्राक्षाची कोवळी पानेही ते आवडीने खाते आणि ती त्याला चांगलीही आहेत, पण दिंडोरी, पिंपळगाव, मखमलाबादकडच्या बागेतली पाने आणू नका. ऑक्टोबर छाटणीपासून तोडणीपर्यंत डावणी आणि भुरी या रोगांवर फवारण्या चालूच असतात, एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या फुटीवरही. पाने धुऊन आंतरप्रवाही औषध निघत नाही, ते पानाच्या आत गेलेले असते. बांधावरचे गवतही त्याच फवाऱ्याखाली असते. मोठ्या कुंडीत एक वेल स्वतः लावा, न फवारता. पालक रोज नको, त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम अडवते. पोळी, भात, दूध अजिबात नको. गाजरगवत, घाणेरी, कण्हेर, रुई विषारी आहेत. कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस आणा, त्याची पूड आठवड्यातून दोनदा चिमूटभर पाल्यावर. खायचा चुना मात्र नको, तो तोंड भाजतो.

रोज सकाळी खाण्यापूर्वी वीस-तीस मिनिटे कोमट पाण्यात बसवणे पहिले सहा महिने चुकवू नका. पाणी गार झाले की बदला. त्यात मऊ पांढरा पदार्थ पडला तर ठीक. तो वाळूसारखा खरखरीत असेल तर शरीरात पाणी कमी आहे. ते पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका, आणि नंतर हात साबणाने धुवा. कासवांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांनी पिल्लाला हाताळू नये.

आठवड्यातून एकदा ग्रॅममध्ये मोजणाऱ्या स्वयंपाकघरी काट्यावर वजन करून वहीत लिहा. अंड्यातून निघालेले पिल्लू ३०-४५ ग्रॅमचे असते. दोन आठवडे वजन घटले, नाकातून बुडबुडे आले, तोंड उघडून मान ताणून श्वास घेतला, डोळे सुजले किंवा पाठ दाबल्यावर पुठ्ठ्यासारखी दबली, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या. तान्ह्या पिल्लाचे कवच नखाइतके लवचीक असणे मात्र स्वाभाविक आहे. तुमच्या पिल्लाचे मिटलेले डोळे तीन दिवसांच्या कोमट पाण्याने आणि ओल्या जमिनीने उघडले नाहीत, तर चौथ्या दिवसाची वाट पाहू नका.

नवी पेटी तयार झाल्यावर पिल्लाला लगेच आत सोडू नका. चार दिवस रिकामी चालवा आणि पहाटे ५, दुपारी २ आणि रात्री १० असे तीन वेळा दोन्ही टोकांचे आकडे लिहा. पहाटेचा आकडा २७ च्या खाली किंवा दुपारचा मध्यावर ३३ च्या वर गेला, तर आधी ते दुरुस्त करा.

ही पेटी पिल्लू १५ सेंटिमीटरचे होईपर्यंत, म्हणजे चांगल्या वाढीत वर्षभर पुरेल. पूर्ण वाढलेला सल्काटा ४० किलोच्या पुढे जातो, पन्नासहून अधिक वर्षे जगतो आणि जमीन खणतो. त्याला अंगण आणि उबदार रात्रीचा निवारा लागतो, जो फ्लॅटमध्ये होत नाही. गावाकडे कुंपणाची जागा असेल तर ती आतापासून ठरवा. नसेल तर नोंदणीच्या कागदांसह कायदेशीररीत्या कुणाकडे देता येईल, याची चौकशी तो हातात मावतो आहे तोवरच सुरू करा.